दुसरी सुजाता

मला नाव मिळालं तेच मुळी वापरलेलं. मोठ्या बहिणीचे फ्रॉक, तिची पाटी, तिच्या चपला धाकटीकडे येतात, यात नवल काही नाही. सगळ्याच घरांत येतात. माझ्याकडे तिचं नावही आलं, कारण ते लावायला ती राहिली नव्हती. तिचं नाव सुजाता आणि माझंही सुजाता. ती पाच वर्षांची होऊन गेली आणि मी त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात जन्मले. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना कधी भेटलो नाही, पण माझं अख्खं लहानपण मी तिच्याशी भांडण्यात घालवलं.

धुळ्यात, देवपूरच्या माझ्या घरात बसून हे लिहिते आहे आणि खाली गल्लीत कुणीतरी आपल्या नातीला हाका मारतंय, काय ते अन्वी की आन्वी. आता सुजाता कुणी ठेवत नाही. सुजाता नावाच्या सगळ्या बायकांना आता गुडघेदुखी आहे. पण आमच्या लहानपणी भुसावळजवळच्या दीपनगरच्या कॉलनीतल्या विहारात 'सुजाता' अशी हाक मारली की चार-पाच वेण्या एकदम वळायच्या. विशाखा, संघमित्रा, महामाया याही होत्या, पण सुजाता सगळ्यांत जास्त. वस्त्यांमधून उठून नोकरीला आलेली ती पहिली पिढी. त्यांच्या आयांची नावं धोंडी, भिकी, कचरी; आणि लेकींची नावं ठेवायची पाळी आली तेव्हा या माणसांनी जुनं सगळं झटकून टाकलं आणि थेट बुद्धाच्या गोष्टीत हात घातला. माझ्या वडिलांना मी नाना म्हणायचे. नाना वीज केंद्रात फिटर होते. ते सांगायचे, "सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. ज्यांना जन्मावरून गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या घरात सुजाता! कळतं का तुला काय नाव आहे ते?" हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी थोडा चढायचा. मला कळायचं, पण मला ते नाव नको होतं.

ती गोष्ट आमच्याकडे मुलांना चालता यायच्या आधी पाठ व्हायची. सिद्धार्थ उपास करकरून हाडांचा सापळा झालेला, झाडाखाली बसलेला. गावातली एक बाई, सुजाता, दुधाची खीर घेऊन येते आणि त्याच्यापुढे ठेवते. तो खातो, अंगात जीव येतो आणि मग त्याला पुढचा मार्ग सापडतो. बस, एवढीच गोष्ट. एका बाईने जेवू घातलं म्हणून एक माणूस जगला. म्हणून वैशाखी पौर्णिमेला आमच्या कॉलनीत घरोघर तांदळाची खीर व्हायची, दाराशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर वाटी ठेवली जायची. आमच्या घरात मात्र होत नसे. आमच्या घरात दूध चहापुरतं यायचं आणि उरलेलं माय मोरीत ओतून द्यायची.

कारण मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. ते तुकड्यातुकड्यांनी, पुष्कळसं आजीकडून कळलं. पहिली सुजाता पाच वर्षांची असताना पौर्णिमेला मायने मोठं पातेलंभर खीर केली होती. सकाळी सगळ्यांनी खाल्ली. आमच्याकडचा वैशाख म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दुपारी दाराची कडी धरली तर हात भाजतो. संध्याकाळी ती पोर मायच्या मागे लागली, अजून दे, अजून दे. मायने वास घेतला, ठीक वाटली, दिली. रात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. भुसावळला नेली, सलाईन लावलं, पण ती परत आली नाही. गोष्टीतल्या बाईच्या खिरीने माणूस वाचला आणि माझ्या मायच्या खिरीने तिची स्वतःची लेक गेली. निदान मायने तरी ते असंच धरून ठेवलं. नाना तिला किती वेळा म्हणाले असतील, की साथ होती, कॉलनीत आणखी मुलं आजारी होती. ती ऐकून घ्यायची आणि भांडी घासायला उठायची.

माझं नाव ठेवताना घरात जे झालं ते मला फुईने सांगितलं. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. तिचं सासर धुळ्याचं, त्यामुळे तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी, पार अहिराणी. धर्म बदलला तरी भावाच्या लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आमच्याकडे फुईचाच राहिला. वंदना झाली, पंचशील झालं, मला पाळण्यात घातलं. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "कचरी ठेवा. कचरी राहते. तिले कोणी नेत नाही." आजीचं स्वतःचं नाव कचराबाई. तिच्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने उचललं आणि मूठभर ज्वारीवर आईला परत 'विकलं'. असलं पोर मरणालाही नकोसं होतं म्हणे. आणि आजी खरंच जगली, म्हाताऱ्या वयापर्यंत दणदणीत जगली. तिला कोण समजावणार! नाना मात्र भडकले. "ज्या नावांतून बाहेर पडायला आमचा जन्म गेला, ते नाव माझ्या लेकीला? या घरात पुन्हा कचरी होणार नाही."

फुईने विचारलं, "मंग काय नाव ठेवानं शे?" आणि माय, जी दीड वर्ष कुणाशी धड बोलली नव्हती, ती म्हणाली, "सुजाता." फुईच्या अंगावर काटा आला. ती नानांकडे बघायला लागली, की भाऊ आता तरी नको म्हणेल. इथेच नाना चुकले. माझे शहाणे, वाचणारे, दर रविवारी विहारात व्याख्यान देणारे नाना! त्यांनी विचार केला, मेलेल्या पोरीचं नाव अशुभ म्हणून टाकून द्यायचं, तर आपल्यात आणि उकिरड्यावर पोर ठेवणाऱ्यांत फरक काय? नाव म्हणजे नाव. त्याला शकुन नसतो आणि अपशकुनही नसतो. ते म्हणाले, "ठेवा, सुजाताच ठेवा." त्यांना वाटलं, बायकोही अंधश्रद्धा झुगारून उभी राहिली. त्यांना केवढा अभिमान वाटला तिचा! आणि मायच्या मनात काय होतं? तिची लेक परत आली होती. तिला तिच्याच नावाने हाक मारायची होती, दुसरं काय? नवरा-बायकोचं एका नावावर एकमत झालं, तेही अगदी उलट्या कारणांनी, आणि तसं झालंय हे दोघांनाही बरीच वर्षं कळलं नाही.

मी पाच वर्षांची होईपर्यंत मायएवढी प्रेमळ बाई कॉलनीत नव्हती. ते प्रेम मी खाल्लेलं आहे, त्याची चव मला माहीत आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर ती मला तव्यावरून थेट हातात द्यायची, फुंकर घालून, वर ठेच्याऐवजी गूळ. अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले असायचे आणि वीज केंद्राच्या चिमणीची बारीक राख त्यांच्यावर बसायची. माय एकेक बिबडा पदराने पुसायची आणि पुसता पुसता माझ्याशी बोलायची. "तुले भेंडी नाही आवडत. तू तोंड वाकडं करायची." मला भेंडी आवडायची. "तू भोंग्याले भ्यायची, कानावर हात ठेवायची." मी भोंग्याला कधीच भ्याले नाही, शिफ्टचा भोंगा झाला की नाना येतात म्हणून मी उलट नाचायचे. पण माय म्हणते म्हणजे असेल, असं धरून मी भेंडी ताटात ठेवायला लागले आणि भोंगा झाला की कानावर हात ठेवायला लागले. मग ती हसायची. तिला हसवायला मला काहीही करायची तयारी होती. पोरं काय, जात्याच लबाड असतात.

मग मी पाच वर्षांची झाले, सहावं लागलं आणि सगळंच संपलं. ट्रंकेत जपून ठेवलेले पहिलीचे फ्रॉक मला होईनासे झाले आणि त्याच्या पुढच्या मापाचा फ्रॉक त्या ट्रंकेत नव्हताच. 'तू असं करायची' हेही संपलं, कारण त्या वयाच्या पुढे पहिलीने काही केलेलंच नव्हतं. मायकडे माझ्यासाठी आता काही उरलं नाही. ती माझ्याकडे बघायची आणि घाबरायची. मला जरा पोट दुखतं म्हणायची सोय नव्हती. ती भिंतीला टेकून खाली बसायची. मला कुणाकडे काही खायची बंदी होती. शाळेतून आले की ती माझा तळहात हुंगायची, काही खाल्लं का म्हणून. वैशाखी पौर्णिमेला अख्खी कॉलनी खीर वाटायची आणि मी खिडकीच्या गजाला तोंड लावून बघत असायचे. मला हावरट म्हणा हवं तर, पण मला जगात दोनच गोष्टी हव्या होत्या. एक खीर, आणि दुसरी, मायने माझ्याकडे बघताना मला बघावं.

आमच्या विहारात एक पद्धत होती. पौर्णिमेला कॉलनीतली एक मुलगी सुजाता व्हायची. पांढरी साडी नेसून, स्वतःच्या घरची खीर वाडग्यात घेऊन ती मिरवणुकीने यायची आणि बुद्धमूर्तीपुढे वाडगं ठेवायची. वंदना झाली की तिला पहिला घास भरवायचा आणि मग सगळ्यांना वाटायची. मी अकरा वर्षांची होते तेव्हा महिला मंडळाच्या तायडेकाकू घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी तुमची सुजाता. नावाचीच सुजाता घरात असून कधी केली नाही तुम्ही." मी दाराआड उभी. मला वाटलं, माय आता त्यांना हाकलणार. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "करू." नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, झालं, बाहेर पडली ही. तायडेकाकू गेल्यावर ते मला म्हणाले, "बघ, धम्माने माणूस असा उभा राहतो." ते असंच बोलायचे, घरात सुद्धा.

पौर्णिमेच्या दिवशी माय उजाडायच्या आत उठली. गवळ्याच्या दारात स्वतः जाऊन समोर धार काढून घेतली. पातेलं राखेने घासलं, मग चिंचेने, मग परत राखेने. दूध एकदा उकळलं, उतरवलं, परत उकळलं. सगळ्या घरात वेलदोड्याचा वास सुटला आणि त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा तो वास घेत होते. मला नाचावंसं वाटत होतं. खीर झाली. मायने आधी स्वतः खाल्ली, मग आजीला दिली, मग नानांना. आणि मग ती आमच्यासमोर पाटावर बसून राहिली. कुणाकुणाला काय होतं ते बघत. आजी म्हणाली, "काय पाहते वं अशी? मरत नाही मी." नानांनी हसून पोटावरून हात फिरवला. मी म्हणाले, "माय, मला?" माय म्हणाली, "तू तिथी." म्हणजे विहारात. मग तिने मला साडी नेसवली, निऱ्या तीनदा सोडून परत घातल्या. मला वाटलं, आनंदाने.

विहार भरलेला होता. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. पंखे गरगरत होते आणि गरम वाराच खाली ढकलत होते. मी वाडगं ठेवलं, तीनदा वाकले, वंदना झाली. तायडेकाकूंनी चमचा भरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ये, सुजाता. पहिला घास तुझा." मी तोंड उघडलं. चमचा ओठाला लागला, गोड लागलं, आणि बायकांच्या रांगेतून माय उठली. कशी आली, कुणाच्या अंगावरून आली, मला कळलं नाही. तिने चमचा उडवला, वाडगं उडालं, माझ्या तोंडात बोटं घालून ती ओठांवरची खीर पुसून काढायला लागली. "थुंक! थुंक म्हणते ना! एकदा खाल्ली ना वं तू! एकदा गेली ना! आता अजून कितीदा जाशील?"

नाना पुरुषांच्या रांगेत अर्धे उठून तसेच थांबले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांना त्या क्षणी कळलं, की त्यांनी कशाला होकार दिला होता. आणि मी ओरडले. लाज वाटली म्हणून ओरडले, खीर सांडली म्हणून ओरडले, साचलं होतं ते सगळं बाहेर आलं. "ती मी नव्हते! माय, ती दुसरी होती! ती मेली! मी कधीच गेले नव्हते, मी मीच आहे!"

मायचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मला हवं होतं तसंच पाहिलं, नीट, डोक्यापासून पायापर्यंत. कुणाची तरी पोर बघावी तसं. आणि मग अगदी हळू, शेजारणीला पत्ता विचारावा तशा आवाजात म्हणाली, "मग माही कुठी हाय?"

तायडेकाकू रडत होत्या. नाना आले, त्यांनी मायला खांद्याला धरून घरी नेलं. फरशीवरची खीर दोन-तीन बायकांनी पुसली आणि मी ती साडी नेसूनच पायरीवर बसून राहिले. माझ्याजवळ कुणी आलं नाही. ते बरंच झालं म्हणायचं.

त्या दिवसानंतर मायने मला नावाने हाक मारली नाही. 'ऐकलं का', 'पोरी', 'जेवून घे'. ती ओरडली नाही, तिने मारलं नाही, माझं सगळं वेळेवर केलं. डबा द्यायची, वेणी घालायची. पाहुण्यांच्या लेकीचं करावं तसं. मला हवं होतं ते मिळालं होतं. मी आता पहिली नव्हते. पण दुसरी कोण आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. नानांनी व्याख्यानं सोडली. संध्याकाळी ते कॉटवर बसून राहायचे आणि पलीकडे कोळशाच्या वाघिणी लागत असल्याचे धडधड आवाज ऐकू यायचे. एकदा फक्त मला म्हणाले, "मी नाही म्हणायला पाहिजे होतं गं."

मे महिना सरता सरता फुई आली. दोन दिवस तिने घर पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी माझी पिशवी भरायला घेतली. "तुम्ही बठ्ठा येडा व्हई ग्यात," ती नानांना म्हणाली. "हाई पोरले मी लई जास. आठे तिन्हा जीव घुसमटस." नानांनी मान हलवली. माय दारापर्यंत आली, माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि बस दिसेनाशी होईपर्यंत थांबली असं फुई म्हणते. मी मागे वळून पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला माहीत नाही. माझी पुढची शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं धुळ्याला, पांझरा नदीच्या या काठाला झालं. फुईच्या घरी मला दिवसातून पन्नासदा 'सुजाता' अशी हाक यायची, कामासाठी, शिव्यांसाठी, आणि ते नाव हळूहळू माझ्या अंगावर बसलं. मी शिकवायचे त्या शाळेतल्या मुली मला सुजाताबाई म्हणायच्या तेव्हा मला कुणाचीच आठवण व्हायची नाही. दीपनगरला मी सणावाराला जायचे. माय विचारायची, "बरी आहे?" मी म्हणायचे, "बरी आहे."

नाना गेल्यावर मी तिला देवपूरला आणलं. यायला कुरकुरली नाही. तिला ऐकू कमी यायचं, दिसायचं कमी, आणि शेवटच्या उन्हाळ्यात माणसंही सरमिसळ व्हायला लागली. माझ्या नवऱ्याला ती नाना समजून रागवायची, आणि तो बिचारा निमूट ऐकून घ्यायचा. मी तिचं खाणं-पिणं, न्हाणं सगळं करायचे. प्रेमाने करायचे असं म्हणणार नाही. करायचे. मनात एक जुनं भांडण असलं की हात काम करतात आणि तोंड गप्प राहतं.

मे महिन्यातली एक दुपार. कूलर चालू, पडदे ओढलेले. मी तिला पाणी पाजायला बसवलं होतं. तिने माझं मनगट धरलं, माझा चेहरा स्वतःच्या चेहऱ्याजवळ ओढला आणि म्हणाली, "तू कोणती सुजाता वं?"

इतक्या वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून आलं. आणि पहिल्यांदाच तिच्या लेखी आम्ही दोघीही सुजाता होतो. या प्रश्नाचं उत्तर मी अकरा वर्षांची असल्यापासून तयार ठेवलं होतं. साठीला आलेली बाई मी, दोन मुलांची आई, तरी ते जिभेच्या टोकावर आलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. माझी नाही.

"पहिली," मी म्हणाले.

तिने मनगट सोडलं. माझ्या पोटावर हात ठेवला, त्या सुकलेल्या हाताला वजनच नव्हतं. "अजून दुखतं का वं?"

"नाही, माय. केव्हाच थांबलं."

"मग झोप," ती म्हणाली आणि जागा करायला भिंतीकडे सरकली. मी पेला खाली ठेवला आणि तिच्या शेजारी आडवी झाले.